चकचकीत नको, स्वच्छ हवं

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अंगणात पत्र्याच्या शेडखाली आमच्या पद्मिनीचं इंजिन उघडून ठेवलं होतं. जुन्या चादरीवर पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, रॉकर, नटबोल्ट आणि मधोमध मी, कोपरापर्यंत काळा. शेजारचे काका फाटकातून डोकावले आणि म्हणाले, "काय बाप्पा, भंगाराचं दुकान काढलं का?"

हसलो आणि घासत राहिलो. पण विचार करत बसलो की आपण नेमकं काय करतोय. मळ काढतोय, की वय पुसतोय? हा लेख त्या प्रश्नाचा.

गाडी १९७४ ची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. त्याच वर्षी त्या फियाटचं नाव 'पद्मिनी' झालं. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बाबांनी ती १९८३ मध्ये सेकंडहँड घेतली. ते डॉक्टर, दारव्ह्याला दवाखाना. व्हिजिटला गाडी, लग्नाला गाडी, कुणाला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तरी हीच गाडी. बाबा गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. इंजिन जाम झालं.

सुरुवातीला शहाणपणा केला नाही. कार्ब्युरेटर साफ करायला एका मोठ्या शहरातल्या गॅरेजला दिला. तिथल्या पोरानं तो कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकला. "भाऊ, यात टाकलं का चकाचक निघते." निघाला खरा चकाचक, पण कडा खाल्लेल्या आणि झाकण बसेना. कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची. कॉस्टिक लोखंडाला फारसं काही करत नाही, पण जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. हेडही त्यांनाच दिलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं त्या रात्री झोप आली नाही.

त्या पोराचा राग मात्र फार काळ टिकला नाही. गिऱ्हाईकाला चमक हवी असते आणि संध्याकाळपर्यंत हवी असते. दोष चमक मागणाऱ्या आपल्यासारख्यांचाही आहे.

त्यानंतर सगळं घरीच केलं. बाबांच्या वेळेपासून गाडी बघणारे एक चाचा आहेत. आता हात थरथरतात, पण नजर शाबूत. ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी करायचो. त्यांचा पहिला नियम, आधी धातू ओळख, मग औषध दे. ऑइलचा काळा थर डिझेलमध्ये भिजवून ब्रशनं काढायचा. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन लाकडाच्या पट्टीनं, पोलादी पात्यानं नाही. जेट फुंकून साफ करायचा, त्यात तार घालायची नाही, पितळ मऊ असतं आणि भोक किंचित जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिते. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकमेकांत बदलायच्या नाहीत, ज्याची त्याला.

गंजलेल्या लोखंडी भागांसाठी प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. निगेटिव्ह चिमटा गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह एखाद्या टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला. स्टेनलेस स्टीलची पट्टी घ्यायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे उघड्यावरच करायचं. ॲल्युमिनियम यात चुकूनही टाकायचं नाही. रात्रभर ठेवा, सकाळी गंज काळ्या भुकटीसारखा ब्रशनं निघतो आणि खालचं मूळ लोखंड जसंच्या तसं राहतं. मग लगेच पुसून तेलाचा हात. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की उघडं लोखंड एका रात्रीत तांबडं होतं.

रेडिएटर पितळी. त्याच्या वरच्या टाकीला आईनं चिंच लावली, देवाच्या समईला लावते तशी. आतला क्षार मात्र चिंचेला ऐकेना. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातल्याचा तो परिणाम. त्याला लिंबूसत्वाचं सौम्य पाणी लागलं.

आता मुद्द्यावर येतो.

सगळ्यात शेवटी ऑइल चेंबर धुवायला घेतला. खाली चाळीस वर्षांचा डांबरासारखा थर. तो निघाला तेव्हा पत्र्यावर बोटभर लांबीची एक वेडीवाकडी शिवण दिसली, गॅस वेल्डिंगची. बघताक्षणी ओळखली. मी शाळेत होतो. पावसाळ्याच्या रात्री एका खेड्यातून साप चावल्याचा निरोप आला आणि बाबा गाडी घेऊन निघाले. वाटेत दगड लागून चेंबर फुटला. बाबा उरलेली वाट बॅग घेऊन पायी गेले. दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका वेल्डरनं नांगर-वखराच्या कामातून वेळ काढून ती शिवण मारून दिली. पैसे घेतले नाहीत म्हणे. ज्याला साप चावला होता तो मुलगा वाचला होता.

भाऊ म्हणाला, "दादा, मुंबईत चांगला चेंबर मिळून जाईल." खरंय. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिचे सुटे भाग कुठेतरी असतीलच. पण या शिवणीतून आजही थेंबभर ऑइल गळत नाही. मग ती काढायची कशासाठी? ती दिसते म्हणून?

माझं म्हणणं इतकंच आहे. मळ आणि खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळ भागाला काम करू देत नाही, तो काढलाच पाहिजे. खूण म्हणजे त्या भागानं केलेलं काम. सँडब्लास्टिंग, लांबी, रंग, क्रोम यांना हा फरक कळत नाही, त्यांना सगळं सारखंच दिसतं. वर ब्लास्टिंगची वाळू ऑइलच्या बारीक वाटांमध्ये अडकली तर नवं बेअरिंगही खरवडून टाकते. म्हणजे दिसायला नवं आणि आतून मरणपंथाला!

याचा अर्थ सगळं जुनंच ठेवा असा नाही. ब्रेकचे रबर, होसपाइप, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट मी मुकाट्यानं नवे घातले. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे आठवणींना जागा नाही. बाबांनीही जुन्या सुईनं इंजेक्शन दिलं नसतं.

शकुंतला आठवते ना? १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर धावत होतं. सत्तर वर्षं! ती काही रंगाच्या जोरावर धावली नाहीत. रोज कुणीतरी पुसत होतं, तेल घालत होतं, म्हणून धावली. पुसणारा हात थांबला की लोखंड मातीच्या वाटेला लागतं.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खाजगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आणला. गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार नसावेत, ही अट. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि मग ती रोजच्या वापराला चालवायची नाही. चेंबर बदलल्यानं ती नोंदणी अडणार नाही, हे मला माहीत आहे. तरी 'मूळ रूप' हा शब्द वाचून मी थांबलो. कारखान्यातून निघाली तेव्हाचं रूप मूळ, की जगून झाल्यावरचं? कायद्याला पहिलं हवं असेल. मला दुसरं हवंय.

इंजिन परत जोडलं. दसऱ्याला झेंडूचा हार घालून चावी फिरवली. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. चाचा खुर्चीतून उठले, कान पुढे करून ऐकत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाब की गाडी है. आवाज वही है."

चेंबर कुणाला दिसत नाही, गाडीखाली असतो. पण शिवण तिथे आहे. मी ती नीट धुतली आणि तशीच ठेवली.