गर्दीतला चेहरा

‘पदार्पण’ हा शब्द आपण नायकाच्या पहिल्या भूमिकेसाठीच राखून ठेवला आहे. त्याआधी गर्दीत काढलेल्या दिवसांविषयी नामवंत नट सहसा बोलत नाहीत, आणि आपण तो संकोच समजून सोडून देतो. आम्हांस हे मान्य नाही. तारा जन्मतःच तारा होता, ही दंतकथा जपण्यासाठीच हे मौन पाळले जाते. नसीरुद्दीन शाह यांनी ‘अमन’मधले (१९६७) आपले गर्दीतले काम २०१४ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले. त्याने त्यांचे काय उणे झाले? उणा होतो तो इतिहास. नट आपली गर्दी पुसतो, तेव्हा आयुष्यभर तिथेच राहिलेल्या एक्स्ट्रांचा बोलका साक्षीदारही हरवतो. चरित्रकारांनी व मुलाखतकारांनी पहिला प्रश्न तिथलाच विचारावा.