गोठ्यातली भिंगरी

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या कॅम्प नंबर ३ च्या गल्लीत चुन्याची घमेली आणि रंगाचे ब्रश बाहेर निघतात. ज्याची ऐपत आहे तो ऑईल पेंट लावतो, ज्याची नाही तो चुन्यात चिमूटभर नीळ टाकतो. पण घर रंगल्याशिवाय जयंती काही होत नाही. यंदाही तसंच झालं. आमच्या चाळीच्या जिन्याखाली, स्लॅबच्या कोपऱ्यात पाकोळ्यांनी चार-पाच घरटी केली आहेत. पिसं आणि काड्या स्वतःच्या लाळेनं चिकटवून केलेले ते मळकट गोळे दिसायला काही देखणे नाहीत. शिवाय खाली विष्ठा पडते. आमच्या धाकट्यानं लांब बांबूला खराटा बांधला आणि म्हणाला, "पहिलं हे पाडतो, मग रंगाला हात लावतो."

आम्ही म्हणालो, "थांब जरा. आधी मावशीच्या गोठ्याची गोष्ट ऐक. मग पाडायचं की नाही ते तूच ठरव."

वाचकहो, तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगतो.

आमची अक्का बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला दिली आहे. दाजींची दोन एकर जमीन, दोन म्हशी आणि एक गाय. पावसाळ्यात भात, नंतर भेंडी, गवार, दुधी. खताच्या गोणीचे भाव परवडेनात म्हणून दाजींनी रासायनिक खत आधी कमी केलं आणि मग बंदच केलं. शेणखतावर भाजी चांगली येऊ लागली. पण शेण आलं तशा माश्याही आल्या.

ज्यांनी पावसाळ्यातला गोठा पाहिला नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. म्हशीच्या डोळ्यांच्या कडांना माश्या, दुधाच्या चरवीवर माश्या, ओट्यावरच्या भातावर माश्या. यातली एक जात तर चावरी असते, ती जनावराचं रक्त पिते. धार काढताना म्हैस लाथ झाडायची आणि अर्धी चरवी शेणात सांडायची. अक्काचं घर त्या दुधाच्या पैशावर चालतं. त्यातच एका श्रावणात तिच्या दोन वर्षांच्या नातवाला हगवण लागली. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. पोर वाचलं, पण अक्का घाबरून गेली. माशी घाणीवर बसते आणि तेच पाय घेऊन ताटावर येते. हगवण, विषमज्वर, पटकी यांचे जंतू असेच घरात शिरतात, हे तिला डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

दाजी दुसऱ्याच दिवशी बाजारातून विषाची बाटली घेऊन आले. गोठाभर फवारा मारला. आठ-दहा दिवस सगळं शांत. मग माश्या परत. पुन्हा फवारा, पुन्हा माश्या. तिसऱ्या वेळी तर माश्या फवारलेल्या भिंतीवरच आरामात बसलेल्या!

यात नवल काही नाही. एक मादी माशी एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी घालते, आणि जन्मात पाचशेच्या आसपास. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्याची अळी, अळीचा कोश आणि कोशातून माशी व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. फवाऱ्यानं नव्वद मेल्या तरी ज्या दहा विष पचवून उरल्या, त्यांचीच पिलावळ पुढे वाढते. दुसऱ्या महायुद्धात डीडीटी आलं तेव्हा जगाला वाटलं, आता माशी संपली. पण १९४६-४७ सालीच युरोपातल्या माश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. आपल्या देशात शेतीत डीडीटी वापरायला १९८९ साली बंदी आली.

त्या वर्षी अक्काच्या गोठ्यात आणखी एक गोष्ट घडली. दरवर्षी आढ्याखाली घरटं करणारी भिंगरी आलीच नाही. ही गोष्ट पहिल्यांदा दाजींच्या आईच्या लक्षात आली. म्हातारी म्हणाली, "अरे, माशीवर विष मारलंस, आणि माशी खाणारीला घराबाहेर काढलंस. मग राखण कोण करील?"

म्हातारी शाळेत गेलेली नाही, पण मुद्द्याचं बोलली. माशी दहा दिवसांत पुन्हा उभी राहते. पक्ष्याची वीण मात्र वर्षाकाठी एक-दोन वेळा, आणि तीही तीन-चार अंड्यांची. विषानं दोघंही गेले तर आधी परततो तो शत्रूच. मित्राला वेळ लागतो.

मग अक्का आणि दाजींनी बेत बदलला. त्यांनी काय केलं ते आम्ही नीट पाहून आलो आहोत. गावाकडे ज्यांचा गोठा आहे, त्यांनी हे वाचून घरी जरूर सांगावं.

पहिलं काम शेणाचं. शेण रोजच्या रोज उचलायचं आणि गोठ्यापासून लांबच्या खड्ड्यात टाकायचं. वर पाचोळा आणि मातीचा थर द्यायचा. ढीग नीट कुजू लागला की आतून असा तापतो की तिथे अळ्या जगत नाहीत. मुताची नाली कोरडी ठेवायची. पक्षी कितीही आले तरी या कामाला सुट्टी नाही. उकिरडा उघडा ठेवून पक्ष्यावर भरवसा ठेवणं म्हणजे नळ चालू ठेवून फडक्यानं पाणी पुसण्यासारखं आहे.

दुसरं काम पक्ष्याला जागा देण्याचं. गोठ्याच्या दाराच्या वर वीतभर फट कायमची उघडी ठेवली, म्हणजे रात्री दार लावलं तरी भिंगरीला पहाटे बाहेर पडता येतं. आढ्याखाली, भिंतीला लागून, हाताच्या पंजाएवढ्या दोन फळ्या ठोकल्या. पण गव्हाण, पाण्याची टाकी आणि धार काढायची जागा सोडून, म्हणजे विष्ठा चाऱ्यात पडत नाही. विहिरीजवळ थोडा चिखल ओला राहू दिला, कारण भिंगरी चोचीनं चिखलाच्या गोळ्या आणून घर बांधते. अशा शेकडो गोळ्या लागतात. आपल्या बिगारी माणसानं घमेली वाहावीत, तसंच ते काम.

तिसरं काम म्हणजे गोठ्यात फवारा बंद.

पहिल्या वर्षी कोणी आलं नाही. दाजी वैतागले. दुसऱ्या वर्षी तारवाली भिंगरी आली. पाठ निळीशार, पोट पांढरं, डोक्यावर तांबडी टोपी, आणि शेपटीला तारेसारखी दोन लांब पिसं. जवळ ओढा आहे, त्यामुळे तिला जागा पसंत पडली असावी. या जातीला पाण्याचा शेजार लागतो. तिचं घरटं अर्ध्या वाटीसारखं, भिंतीला चिकटवलेलं. हिचीच बहीण लालबुडी भिंगरी, ती मात्र चिखलाचा अरुंद तोंडाचा चंबू बांधते.

आम्ही गेलो तेव्हा पिलं होती. पायरीवर बसून आम्ही खेपा मोजल्या. अर्ध्या तासात नर-मादी मिळून अठरा वेळा आत आली, आणि प्रत्येक वेळी चोचीत काहीतरी होतं. सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत हेच चालतं. या गड्यांना ना पगार, ना बोनस. हवं फक्त एक घरटं.

भिंगरी उडती माशी पकडते. पण गोठ्याची पाळी एकटी ती करत नाही. धोबी पक्षी शेपटी हलवत जमिनीवरचे किडे टिपतो. दयाळ आणि चिरक शेणाच्या ढिगाजवळच्या अळ्या वेचतात. या दोघांसाठी दाजींनी जुनी फुटकी मडकी, तोंड अर्धं बंद करून, कुडाच्या सावलीत टांगली आहेत. साळुंकी म्हशीच्या पाठीवर बसून गोचीड काढते. गायबगळा चरत्या जनावराच्या पायांशी चालतो आणि गवतातून उठणारे नाकतोडे, माश्या गट्ट करतो. कोतवाल शेवग्याच्या फांदीवर बसून पहारा देतो.

कोणी म्हणेल, या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या गोष्टी. तसं नाही. बिहारमधल्या पुसा इथं मेसन या कीटकशास्त्रज्ञानं पक्ष्यांच्या पोटात काय सापडतं ते एकेक करून तपासलं, आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी ते काम १९१२ साली छापून काढलं. कुठला पक्षी शेतकऱ्याचा मित्र आणि कुठला चोर, हे त्यात नोंदवलेलं आहे. आज आपल्या महाराष्ट्रात हरभरा आणि तुरीवरच्या घाटेअळीसाठी शेतात पक्षीथांबे लावा असं कृषी खातंच सांगतं. पक्षीथांबा म्हणजे दुसरं काही नाही, काठीला आडवी काठी बांधून केलेली बसायची जागा. हेक्टरी ५० च्या आसपास पुरतात. त्यावर कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू बसतात आणि अळ्या-किडे टिपतात. ज्वारी-बाजरीत मात्र दाणा भरू लागला की थांबे काढून घ्यायचे, नाहीतर राखणदारच कणसं खातो!

आणि पक्षी नसले तर काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. १९५८ साली चीनच्या सरकारनं चार शत्रू मारायची मोहीम काढली: उंदीर, माशी, डास आणि चिमणी. चिमणी दाणे खाते हा तिचा गुन्हा. गावोगाव लोकांनी थाळ्या-ढोल बडवले, चिमण्यांना कुठे टेकू दिलं नाही. दमून त्या आकाशातून खाली पडल्या. घरटी मोडली, अंडी फोडली. पण चिमणी आपल्या पिलांना दाणे नाही, किडे भरवते. चिमण्या गेल्या आणि पिकावर किडीचा सुकाळ झाला. १९६० साली सरकारनं यादीतून चिमणीचं नाव काढलं आणि तिच्या जागी ढेकूण घातला. तोवर देशात मोठा दुष्काळ पसरला होता. त्याची कारणं अनेक होती, पण चिमण्यांच्या कत्तलीनं त्यात भर घातली. शत्रू कोण आणि मित्र कोण हे ओळखायला चुकलं की किंमत गरिबाच्या ताटातून जाते.

अक्काकडच्या माश्या संपल्या का? नाही संपल्या. खोटं कशाला सांगावं? पावसाळ्यात अजूनही असतात. पण धार काढताना म्हैस आता उभी राहते, चरवी सांडत नाही. विषाच्या बाटलीचे पैसे वाचले. नातू शाळेत जायला लागला आहे, आणि ताटावर झाकण ठेवायची सवय सगळ्या घराला लागली आहे. यात शेण उचलण्याचा वाटा किती आणि भिंगरीचा किती, असा हिशेब अक्का करत नाही. ती म्हणते, "आम्ही खालचं बघतो, ती वरचं बघते."

एवढं सांगून झाल्यावर धाकट्यानं वकिली प्रश्न विचारला. "पण आपल्याकडे कुठे गोठा आहे? पाकोळी आपल्या स्वयंपाकघरातली माशी खाते का?"

प्रश्न रास्त होता. नाही खात. पाकोळी उंच हवेत उडणारे बारीक किडे, चिलटं, पंखवाल्या मुंग्या खाते. तिचे पाय इतके दुबळे की तारेवर बसताही येत नाही. पाणीसुद्धा ती उडता उडता पिते. घरातल्या माशीसाठी कचऱ्याचा डबा आपणच झाकायचा आणि गटारात उष्टं टाकणं आपणच थांबवायचं. पण नाले, गटारं आणि डबकी यांच्यामधल्या आपल्या वस्तीवरच्या हवेतले किडे दिवसभर फुकट टिपणारं दुसरं कोण आहे? शिवाय आपण रंग काढतो तो मार्च-एप्रिल म्हणजे तिचे अंड्या-पिलांचे दिवस. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना हात लावण्यालाही शिकारच म्हणतो.

धाकटा बराच वेळ वर बघत उभा राहिला. एका घरट्याच्या तोंडाशी पिसं हलली. त्यानं खराटा सोडला. मग कोपऱ्यात हातभर जागा सोडून बाकीचा जिना त्यानं रंगवला. घरट्यांच्या खाली, दोन फुटांवर, खोक्याची एक फळी ठोकली. आता विष्ठा फळीवर पडते. आठवड्यातून एकदा नाकाला रुमाल बांधून, पाणी मारून तो ती धुतो आणि मग साबणानं हात धुतो. वरच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या दिवशी कुरकुरल्या, "रंगात हा काळा ठिपका कशाला ठेवलात?" परवा त्याच नातीला कडेवर घेऊन पाकोळ्या दाखवत होत्या.

भगिनींनो, बंधूंनो, तुमच्या घराच्या आढ्याला, जिन्याखाली, पत्र्याच्या वळचणीला एखादं घरटं असेल. रंगकाम करताना तेवढी हातभर जागा सोडा. पिलं उडून गेली की मग हवं तर साफ करा. आणि गावाकडे गोठा असेल तर दाराच्या वरची फट या पावसाळ्याआधी उघडून या. पहिल्या वर्षी कोणी आलं नाही तर निराश होऊ नका. आमच्या दाजींनाही एक वर्ष वाट पाहावी लागली होती.