दांडा माझ्या हातात आहे

आमच्या ओट्यावर १९७०च्या दशकातलं ‘ला पावोनी युरोपिक्कोला’ हे कॉफीचं यंत्र आहे. पितळी बॉयलर, त्यावर क्रोमचा मुलामा आणि एक लांब दांडा. ना पंप, ना पडदा. मिलानच्या ‘ला पावोनी’ कंपनीने हे मॉडेल १९६१ मध्ये आणलं आणि अजूनही त्याची मूळ रचना तीच आहे.

दांडा वर उचलला की बॉयलरमधलं पाणी कॉफीवर येतं. पूड भिजेपर्यंत थांबायचं, मग दांडा खाली दाबायचा. इटलीच्या आकिले गाजियाने दुसऱ्या महायुद्धानंतर दांड्याची यंत्रं बाजारात आणली तेव्हा त्यांत स्प्रिंग होती. इथे तीही नाही. एस्प्रेसोला लागणारा आठ-नऊ बारचा दाब माझा दंडच देतो. दळण जाड असेल तर दांडा धपकन खाली येतो, फार बारीक असेल तर हलत नाही. चिकमगळूरच्या बिया भाजून बरेच दिवस झाले की कालचंच दळण आज सैल लागतं, आणि ते जिभेआधी मनगटाला कळतं. सलग तिसरा कप करायला गेलं तर वरचा भाग फार तापतो, कॉफी कडवट उतरते. मग ओलं फडकं गुंडाळून थांबायचं. पाहुण्यांनाही थांबवते मी!

पण माझा खरा जीव जडला आहे तो त्याच्या दुरुस्तीवर. रबरी रिंगा कडक झाल्या की पाणी झिरपू लागतं. पाना, नव्या रिंगा, खाद्यपदार्थांना चालणारं ग्रीस आणि एक मोकळी दुपार, एवढ्यात काम होतं. पन्नास वर्षांच्या यंत्राला आजही सुटे भाग मिळतात. शेजारच्या काकांचं बटणाचं मशीन मात्र एका सर्किट बोर्डापायी भंगारात गेलं. ‘बोर्ड येत नाही, नवं घ्या,’ एवढंच उत्तर त्यांना मिळालं. याची मला चीड येते.

आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीची माहिती देणारं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं, पण ग्राहकाला ही माहिती पैसे मोजण्याआधी हवी. फ्रान्सने २०२१ मध्ये वॉशिंग मशीन, लॅपटॉप, मोबाइल अशा वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं केलं. आपल्या मिक्सरच्या खोक्यावर वॉरंटी छापतात, तिच्याशेजारी सुटे भाग किती वर्षं मिळतील हेही छापणं सक्तीचं करा.