लाल बटण एकदाच दाबावे

दिवाळी आली की आपल्याकडे पहाटेचे अभ्यंगस्नान आले आणि त्याबरोबर कढत पाणी आले. आपली थंडी बहुधा तेवढ्यावर भागते. पण आता आपल्यांतल्या पुष्कळांची लेक नाहीतर भाचा अमेरिकेच्या ईशान्य भागात, मॅसॅच्युसेट्स किंवा मेनसारख्या राज्यात, संसार थाटून असतो. तिकडच्या अनेक जुन्या घरांच्या तळघरात तेलावर चालणारा बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी नळ्यांतून घरभर फिरते आणि खोल्या उबदार राहतात. ऐन हिवाळ्यात तो विझला तर नुसती हुडहुडी भरून भागत नाही. नळ्यांतले पाणी गोठते आणि नळ्या फुटतात. तेव्हा हा विषय आपल्याही घरचाच म्हणायचा.

यंत्र दिसते अवाढव्य, पण त्याची रीत आपल्या ओळखीची आहे. पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तो डोळ्यांपुढे आणावा. इथे पंप विजेवर चालतो. तो तेल दाबाखाली एका सूक्ष्म भोकातून तुषारांसारखे उडवतो, पंखा हवा पुरवतो आणि विजेची ठिणगी ते पेटवते. एक छोटासा ‘डोळा’ ज्योतीवर नजर ठेवून असतो. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर तेल बंद होते आणि यंत्र अडून बसते. हा हट्ट नव्हे, शहाणपण आहे.

मग घरच्या माणसाने काय पाहावे? आधी थर्मोस्टॅट: तो खोलीच्या उष्णतेपेक्षा वर लावला आहे ना? त्यातली बॅटरी तर संपली नाही? मग तळघराच्या जिन्यापाशी असलेला लाल पट्टीचा स्विच. पाहुण्यांपैकी कोणीतरी तो दिव्याचा समजून बंद करतो, आणि सारे घर गारठते! मग विजेचा फ्यूज. आणि मग तेलाची टाकी. घरगुती टाकी बहुधा २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १,०४० लिटरची असते. तिच्यावरचा काटा कधी अडकून राहतो. म्हणून मागचे तेल कधी भरले तेही आठवावे. टाकी कोरडी पडली असेल तर नुसते तेल भरून भागेलच असे नाही. नळीत हवा शिरते आणि ती काढावी लागते. टाकी घराबाहेर असेल तर कडाक्याच्या थंडीत तेलातले मेण साकळून नळी तुंबते. म्हणून तिकडे अशा तेलात रॉकेल मिसळतात.

एवढे सगळे ठीक असेल, तर बर्नरवरचे लाल बटण एकदा दाबावे. एकदाच! हे बटण म्हणजे देवळातली घंटा नव्हे. दर वेळी दाबले की थोडे तेल न जळता आत साचते. आणि पुढे ज्योत लागलीच तर साचलेले सारे तेल एकदम भडकते. घरभर काजळी उडते, आणि त्याहून वाईटही घडू शकते. एकदा दाबून बर्नर पेटला नाही, किंवा पेटून पुन्हा विझला, तर स्वस्थ बसावे आणि कारागिराला बोलवावे. तुंबलेली गाळणी, झिजलेले नॉझल, काजळलेला ‘डोळा’ हे त्याचे काम आहे. ते थंडीपूर्वी वर्षातून एकदा करून घेतले, तर मध्यरात्रीची धावपळ बहुधा टळते.

बॉयलर चालू आहे आणि एकच खोली गार आहे, तर बहुधा तिथल्या रेडिएटरमध्ये हवा अडकलेली असते. ती सोडण्याची छोटी कळ त्यालाच असते.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. काळा धूर, तेलाचा दर्प, घरातल्या सगळ्यांनाच एकदम डोकेदुखी नि मळमळ, असे झाले की आधी घराबाहेर पडावे. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. त्याची सूचना देणारी घंटा निजायच्या खोल्यांजवळ हवीच. आणि हे केवळ परदेशाचे नव्हे: आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने याच वायूमुळे माणसे दगावली आहेत. तेव्हा लेकीला फोनवर बॉयलरचे विचारताना आपल्या न्हाणीघराची खिडकीही उघडी आहे ना, ते पाहावे.