फॉरमॅट मारण्याआधी

धर्माबादच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. घरात एकच संगणक. मरहूम अब्बांची मिरचीची आडत होती, तिचा टॅलीमधला हिशोब त्यात आहे. भाईजान त्याच संगणकावर निकाहच्या पत्रिका करून देतात, एक बाजू मराठीत, दुसरी उर्दूत. आणि दादीजानच्या बोलण्याची तीन-चार रेकॉर्डिंग त्यात ठेवलेली आहेत. ज्या मोबाइलवर ती केली होती तो मोबाइल आता राहिलेला नाही. विंडोज 10 वरून 11 वर गेल्यापासून संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात, प्रिंटर दिसत नाही, आवाज मध्येच बंद पडतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारून टाकू, तासाभराचे काम आहे." ताई विचारतात, मारू द्यावे का?

मारू द्यावे. पण आज नाही.

आधी बिघाड का होतो ते पाहू. अपग्रेड म्हणजे जुन्या घरात माणसे राहात असतानाच भिंतींना नवा रंग देणे. जुने प्रोग्रॅम, जुनी सेटिंग्ज, प्रिंटरचे आणि आवाजाचे जुने ड्रायव्हर, चार वर्षांपूर्वी टाकून विसरलेला अँटिव्हायरस, हे सगळे उचलून नव्या विंडोजमध्ये नेले जाते. बहुतेक संगणकांवर हे सुरळीत होते. ज्या संगणकाची सी ड्राइव्ह गच्च भरलेली असते किंवा ज्याचे ड्रायव्हर कंपनीने कधीच सुधारलेले नसतात, तिथे रंगाखालचे पोपडे वर येतात. कोरी विंडोज टाकणे म्हणजे पोपडे खरवडून विटेपासून सुरुवात करणे. त्याने असे दुखणे बहुधा जाते. मात्र खरवडताना भिंतीवर टांगलेले काहीही शिल्लक राहात नाही, आणि दुरुस्तीवाल्याचे "तासाभराचे काम" हे फक्त खरवडण्याचे काम असते. टांगलेल्या वस्तू आधी उतरवून ठेवणे हे घरच्यांचेच काम. कारण कोणती वस्तू मोलाची आहे, हे त्याला कसे कळणार?

विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. त्यामुळे गावोगाव लोकांनी घाईघाईने 11 चढवली. या घाईत एक गोष्ट पाहायची राहून जाते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्याहून जुन्या संगणकावर पळवाट काढून 11 टाकून देणारे पुष्कळ आहेत. ताईंनी दुरुस्तीवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: हा संगणक 11 साठी पात्र आहे का? नसेल, तर 11 कोरी टाकूनही तक्रार परत येण्याची शक्यता मोठी. अशा वेळी विंडोज 10 कोरी टाकून घरगुती संगणकांसाठी दिलेली वाढीव सुरक्षा-सुधारणेची सोय घेता येते. तिची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. त्यापुढे उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे मोफत पर्याय जुन्या संगणकावर चांगले चालतात. मुलांचा अभ्यास आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर आम्ही तेच सुचवू. पण इनपेज, श्रीलिपी आणि टॅली ही विंडोजची माणसे आहेत, ती तिथे सरळ नांदत नाहीत. भाईजानची पत्रिका मग अडेल.

दुसरा प्रश्न: अपग्रेड करून दहा दिवस झाले आहेत का? नसतील तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी या वाटेने "गो बॅक"चे बटण सापडते आणि संगणक फायलींसकट जुन्या विंडोजवर परततो. जुनी विंडोज तोपर्यंत "विंडोज डॉट ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये राखून ठेवलेली असते. जागा करण्यासाठी ते फोल्डर कोणी उडवले, की परतीची वाट बंद. दहा दिवसांनंतर ती तशीही बंद होते. ताईंच्या पत्रावरून दोन महिने लोटलेले दिसतात, म्हणून पुढे जाऊ.

आता वस्तू उतरवण्याचे काम. "आमचे सगळे डी ड्राइव्हला आहे, काळजी नाही," असे घराघरांत ऐकू येते. बहुतेक वेळा ते खरे नसते. संगणक उघडल्यावर समोर दिसतो तो डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्सही तिथेच असतात. व्हॉट्सअॅपवरून उतरवलेले लग्नाचे फोटो, मुलाची दहावीची गुणपत्रिका, हजच्या अर्जासाठी स्कॅन केलेला पासपोर्ट ही सगळी सामग्री डाउनलोड्समध्येच पडून असते आणि तिथे कोणी पाहात नाही. फॉरमॅट मारताना हीच पहिली जाते.

टॅलीचे तर आणखी आडवळणी आहे. टॅलीप्राइमचा डेटा, कोणी मुद्दाम जागा बदलली नसेल तर, सी ड्राइव्हवर "युजर्स"मधील "पब्लिक" नावाच्या फोल्डरात असतो. आपण आपल्या नावाचे फोल्डर कॉपी करतो आणि हे शेजारचे राहून जाते. टॅली उघडून डेटाचा मार्ग कुठला आहे ते पाहावे, आतूनच बॅकअप घ्यावा आणि तो पेन ड्राइव्हवर उतरवावा. टॅलीचा परवाना विकत घेतलेला असेल, तर फॉरमॅटपूर्वी तो टॅलीच्या आतून "सरेंडर" करून ठेवावा, म्हणजे नंतर परत चालू करताना खोळंबा होत नाही. धर्माबादच्या मिरची बाजारात वर्षानुवर्षांची येणी-देणी तोंडी आठवणीवर चालत नाहीत. आडत बंद झाली असली तरी तो हिशोब घरच्यांना लागतो, वारसाच्या वाटण्या करताना तर हमखास.

आणि आता भाईजानच्या पत्रिका. धर्माबाद हे तीन लिप्यांचे गाव. घरात दखनी, शाळेत आणि कचेरीत मराठी, सीमेपलीकडे बासर-निजामाबादकडून येणारे गिऱ्हाईक तेलुगू. अशा गावातल्या संगणकाचा खरा ऐवज म्हणजे त्यातले फॉन्ट. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली फाइल ही आतून मराठी नसतेच. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की "निकाह"च्या जागी अर्थहीन रोमन खुणांची रांग दिसते. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही, आणि घरात एकच ओरड होते की व्हायरस आला. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात "फॉन्ट्स" नावाचे जे फोल्डर आहे, ते सबंध कॉपी करून ठेवावे. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि ते न केल्याचा मनस्ताप सहा महिने पुरतो.

उर्दूची गोष्ट याहून नाजूक. नस्तालीक लिपीत अक्षरे एका ओळीवर बसत नाहीत, ती उतरत्या क्रमाने एकमेकांत गुंफली जातात. म्हणून मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसाठी हजारो अक्षरजोड हाताने लिहून नूरी नस्तालीक घडवली आणि 1981 मध्ये लाहोरच्या दैनिक जंगने ती छपाईला घेतली. तोवर उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातची असत. पुढे दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने 1990 च्या दशकात हीच अक्षरे छोट्या गावच्या छापखान्यापर्यंत पोचवली. पण इनपेजची फाइल इनपेजशिवाय उघडत नाही. भाईजानने फॉरमॅटपूर्वी इनपेजची मूळ सीडी किंवा इन्स्टॉलर हाती आहे का ते पाहावे. ज्या जुन्या आवृत्तीत डोंगल लागतो, तो डोंगलही जपून ठेवावा. आणि महत्त्वाच्या पत्रिका आतूनच पीडीएफ करून ठेवाव्यात, म्हणजे काहीही झाले तरी छापता येतील. ज्यांच्याकडे इनपेजची नवी आवृत्ती आहे, त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवला तर उत्तमच.

मग राहतात संकेतशब्द. क्रोममध्ये जपलेले पासवर्ड गुगल खात्याशी जोडलेले नसतील तर सी बरोबर जातील. शिष्यवृत्तीचे, बँकेचे आणि वीजबिलाचे पासवर्ड एका वहीत लिहून घरात ठेवणे आम्हाला मुळीच मागासलेपणाचे वाटत नाही. वही कुलपात असली म्हणजे झाले.

हे सगळे कुठे उतरवायचे? डी ड्राइव्हवर नको. डी हा अनेकदा त्याच डिस्कचा दुसरा तुकडा असतो, आणि विंडोज टाकताना पडद्यावर सी, डी अशी नावे न दिसता नुसते पार्टिशन 1, 2, 3 आणि त्यांचे आकार दिसू शकतात. एक बोट चुकले की डी पुसला. नक्कल संगणकाबाहेर जायला हवी. बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, किंवा फायली थोड्या असतील तर दोन पेन ड्राइव्ह. दादीजानची रेकॉर्डिंग मात्र तीन ठिकाणी ठेवावीत: डिस्कवर, घरातल्या कोणाच्या तरी गुगल ड्राइव्हवर (तिथे 15 जीबी फुकट मिळतात), आणि एखाद्या नातेवाईकाच्या मोबाइलमध्ये. कॉपी झाल्यावर दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर प्रत्येक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकून पाहावे. फाइलचे नाव दिसले म्हणजे आवाज आला असे नव्हे.

यात अतिशयोक्ती नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चे सहामाही अपडेट आले आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली नाहीशा झाल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्सची जागा दुसरीकडे हलवली होती पण काही फायली जुन्या जागी राहिल्या होत्या, त्यांचे जुने फोल्डर अपडेटने रिकामे समजून पुसले. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच अपडेट थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिले. फटका बसलेल्यांची संख्या कमी होती, पण ज्यांच्या फायली गेल्या त्यांना त्या कमीपणाचे काय? जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून पुसलेले परत मिळण्याची आशा थोडीफार असते. आजकालच्या एसएसडीवर ती जवळजवळ नसते, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

प्रत्यक्ष टाकण्याचे काम थोडक्यात सांगतो. निदान 8 जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून "मीडिया क्रिएशन टूल" उतरवून त्यावर विंडोज तयार करावी. दुकानात आयती मिळणारी, क्रॅक घातलेली विंडोज घेऊ नये. संगणकावर आधीपासून अस्सल विंडोज असेल तर किल्ली विचारली असता "माझ्याकडे किल्ली नाही" हा पर्याय निवडावा आणि तीच आवृत्ती टाकावी. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. इंटरनेटला जोडल्यावर परवाना आपोआप ओळखला जातो, तो त्या यंत्राशीच बांधलेला असतो. लॅपटॉप असेल तर बिटलॉकर चालू आहे का ते आधी पाहावे. असेल तर तिची 48 आकड्यांची किल्ली वहीत उतरवावी. वायफायचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा. राहिलाच, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंगने इंटरनेट देता येते. लाईट जाण्याच्या वेळा तुमच्या गल्लीत तुम्हालाच ठाऊक. इन्व्हर्टर नसेल तर त्या वेळा टाळून बसावे. बाहेरची हार्ड डिस्क या वेळी जोडलेली नसावी. कॉपी करून झाली की ती कपाटात.

नवी विंडोज उघडली की आधी भाषा घ्याव्यात. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या भागात जाऊन मराठी, उर्दू आणि हवी तर तेलुगू जोडावी. कोऱ्या विंडोजमध्ये मराठी दिसते ती निर्मला या फॉन्टमुळे. वर्षानुवर्षे वापरलेला मंगल आणि उर्दूचा उर्दू टाइपसेटिंग हे पूरक फॉन्टमध्ये गेले आहेत, भाषा जोडली की ते येतात. "माझा मंगल गेला" ही तक्रार इथेच मिटते. नंतर ड्रायव्हर, तेही संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आणि मग प्रिंटर. ज्यांच्या घरी किंवा दुकानात सेवा केंद्राचे काम चालते, त्यांना अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. गिऱ्हाईक रांगेत असताना ते सुरू करू नये.

ताईंच्या प्रिंटरबद्दल एक शंका आहे. पत्रातल्या वर्णनावरून तो बराच जुना दिसतो. कंपनीने विंडोज 11 साठी ड्रायव्हर दिला नसेल तर विंडोज 10 चा टाकून पाहावा, पुष्कळदा चालतो. तोही चालला नाही, तर प्रिंटरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आम्हाला कळवावा. तो मागच्या किंवा खालच्या बाजूच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.