कॅप्टन नेमोचा देश कोणता?



पुस्तक संपते आणि नायक जिवंत आहे की मेला, हेच कळत नाही. अशा वेळी जीव कसा तळमळतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. घरातील वडील माणसांना विचारून पाहा. इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’तील शोला मालिकेचा एक भाग वाचून झाला, की पुढचा हाती येईपर्यंत त्यांना चैन पडत नसे. ‘तिलिस्मे होशरुबा’चे जाडजूड खंडही लोकांनी याच ओढीने वाचले.

मला ही ओढ लागली ती ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या एका कादंबरीने. भा. रा. भागवत यांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणले, हे त्यांचे मोठेच उपकार. ही कादंबरी 1870 सालची, समुद्राखालच्या वीस हजार लीगच्या प्रवासाची. (लीग हे अंतराचे जुने माप आहे. वीस हजार लीग म्हणजे समुद्राची खोली नव्हे, तर पाणबुडीने केलेला प्रवास. आमच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी ही चूक करतेच.) ‘नॉटिलस’ नावाच्या पाणबुडीचा मालक कॅप्टन नेमो. लॅटिन भाषेत नेमो म्हणजे ‘कोणीही नाही’. तो विद्वान आहे, संगीताचा भोक्ता आहे. पण एके दिवशी तो एक युद्धनौका सगळ्या माणसांसह बुडवतो आणि माणसे बुडताना शांतपणे पाहत राहतो. नंतर खोलीत जाऊन एक स्त्री आणि दोन मुले यांच्या चित्रापुढे गुडघे टेकून रडतो. ती स्त्री कोण, ती मुले कोणाची, हे कळत नाही. नॉर्वेजवळच्या एका भोवऱ्यात नॉटिलस सापडते आणि पुस्तक संपते.

मला वाटले होते, हा माणूस खलनायकच. तरीही ते चित्र मनातून जाईना.

या गोष्टीला पुढचा भाग आहे, असे कळल्यावर मी सदाशिव पेठेत गेलो. मराठी पुस्तके छापणाऱ्या आणि विकणाऱ्या मंडळींची ही पेठ. तेथे आपल्याला कोण विचारणार, असे तुमच्यापैकी काहींना वाटते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ, त्यांच्याच बाजूने 1761 मध्ये पानिपतावर इब्राहीमखान गारदी लढला आणि तेथेच प्राणाला मुकला. आणि पुस्तकाच्या दुकानात तुमचे नाव कोणी विचारत नाही, पुस्तकाचे नाव विचारतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने मुखपृष्ठ फाटलेली एक प्रत काढून दिली आणि म्हणाला, “सर, पहिला भाग वाचलाय ना? नाहीतर सगळी मजा जाईल.”

त्याचे म्हणणे खरे होते. 1875 साली पूर्ण झालेल्या या पुढच्या भागात पाच अमेरिकन कैदी फुग्यातून निसटून एका निर्जन बेटावर पडतात. कोणीतरी अदृश्य माणूस त्यांना मदत करत असतो. आजारी मुलासाठी औषध येते, चाच्यांचे जहाज अचानक फुटते. शेवटी बेटाखालच्या गुहेत म्हातारा, मरणाला टेकलेला नेमो भेटतो आणि आपले खरे नाव सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. टिपू सुलतानचा भाचा. युरोपात शिकून परतलेला, 1857 च्या लढ्यात दहा वेळा जखमी झालेला. त्या लढ्यात त्याची बायको आणि मुले मारली गेली. चित्रातील माणसे तीच.

हे वाचताना माझ्या हातून चहाचा कप निवला. आपल्या मुलखाचा माणूस एका फ्रेंच पुस्तकात इतकी वर्षे दडून बसला होता!

अर्थात हा इतिहास नाही, हे ध्यानात ठेवा. टिपू सुलतान 1799 मध्ये श्रीरंगपट्टणला शहीद झाले, हे खरे. बुंदेलखंडचा भाचा ही लेखकाची कल्पना. ‘डक्कर’ हे नाव तरी आपल्याकडे कोणाचे असते? दोन भागांतील सालांचाही मेळ बसत नाही. व्हर्नच्या मनात आधी नेमो पोलंडचा होता आणि त्याचे वैर रशियाशी होते. रशियात पुस्तक अडेल, या भीतीने प्रकाशकाने ते मानले नाही, म्हणून पहिल्या भागात नेमोला देशच मिळाला नाही. पुढे लंडनहून निघालेल्या इंग्रजी भाषांतरात इंग्रजांना बोचणारा मजकूर बदलण्यात आला. माझ्या फाटक्या प्रतीत तर टिपूंचे नावच नव्हते. ते मला दुसऱ्या पूर्ण प्रतीत सापडले. म्हणून संक्षिप्त पुस्तकावर भागवू नका, पूर्ण पुस्तक मागा.

एका गोष्टीत मात्र माझे व्हर्नशी पटत नाही. मरताना नेमो विचारतो, मी चुकलो की बरोबर होतो? त्यावर अमेरिकन इंजिनिअर म्हणतो, की गेलेला काळ परत आणता येईल असे तुम्हांला वाटले आणि तुम्ही प्रगतीच्या विरुद्ध लढलात. का बरे? परक्यांचे राज्य म्हणजे प्रगती, हे कोणी ठरवले? युद्धनौकेवरच्या खलाशांच्या मृत्यूबद्दल त्याने नेमोला जाब विचारला असता, तर मी मान डोलावली असती. त्या खलाशांनाही घरे असतील, मुले असतील. नेमोचे दुःख कळल्यावरही ते बुडालेले जहाज माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

असली काळोखी पुस्तके मुलांना देऊ नयेत, असे काही पालक मला सांगतात. पण दुसरा भाग मी वाचला नसता, तर नेमो मला कायम खलनायकच वाटला असता.

तो संपवून मी पुन्हा पहिला भाग उघडला. सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क झडप घालतो, हा प्रसंग मी पूर्वी भरभर वाचला होता. नेमो हातात खंजीर घेऊन त्या शार्कवर धावून जातो, पाणबुड्याला वाचवतो आणि त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. नंतर प्राध्यापकाला सांगतो, की हा मनुष्य पीडितांच्या देशाचा आहे आणि मीही त्याच देशाचा.