शेवटचे पान

साप्ताहिक हातात आले की ते मागून उघडणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आमचे अण्णा त्यातलेच. मुंबईचा 'ब्लिट्झ' ते कधी पहिल्या पानापासून वाचत नसत. शेवटच्या पानावर ख्वाजा अहमद अब्बास लिहीत, म्हणून आधी ते पान, मग चहा, आणि राजकारण त्यानंतर.

परवा अण्णांची आणि अब्बासांचीही आठवण झाली ती शाळेच्या एका फॉर्ममुळे. आमची सूनबाई हुबळीची. नात मला आबा म्हणते, हिला आजी आणि तिकडच्या आजीला अज्जी. फॉर्मवर 'मातृभाषा' असा रकाना होता आणि त्यात एकाच शब्दापुरती जागा. नातीने विचारले, "आबा, आपण नक्की कोण?" मंडळी, या प्रश्नाचे उत्तर सीमेवर राहणाऱ्याने पटकन देऊन दाखवावे!

अब्बास मूळचे पानिपतचे, जन्म १९१४ चा. उर्दू शायर हालींच्या घराण्यातले. अलिगढला शिकून मुंबईत आले आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये पत्रकार झाले. तिथे ते चित्रपटांची परीक्षणे लिहीत. सुरुवातीला त्याच पत्रात असलेले त्यांचे 'लास्ट पेज' हे सदर पुढे 'ब्लिट्झ'मध्ये आले आणि १९८७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालले. चाळीसहून अधिक वर्षे दर आठवड्याला लिहायचे, हे काम किती अवघड आहे ते सदर लिहिणाऱ्यालाच कळते.

दुसऱ्यांच्या चित्रपटांत चुका काढणारा हा माणूस १९४१ मध्ये स्वतःच कथा घेऊन 'बॉम्बे टॉकीज'मध्ये गेला. तो 'नया संसार', एका पत्रकाराची गोष्ट. मग त्यांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर पुस्तक लिहिले. आपल्या शेजारच्या सोलापूरचे हे डॉक्टर चीनमध्ये जखमींची सेवा करत १९४२ साली तिकडेच वारले. त्या पुस्तकावरून व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. त्याच्या लेखनात अब्बासांच्या जोडीला होते वसंत साठे. पानिपतचा उर्दू लेखक आणि मराठी साठे या जोडीनेच पुढे राज कपूरसाठी 'आवारा' (१९५१) आणि 'श्री ४२०' (१९५५) लिहिले.

आपली कथा दुसऱ्याच्या हातात गेली की बदलते, ही खंत त्यांना होती. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी 'नया संसार' याच नावाची स्वतःची चित्रसंस्था काढली. राज कपूरसाठी लिहिलेले चित्रपट देशभर गाजले, स्वतःचे मात्र फारसे चालले नाहीत. 'मुन्ना' (१९५४) मध्ये तर एकही गाणे नव्हते. आपल्याकडे गाण्यांशिवाय चित्रपट म्हणजे मिठाशिवाय आमटी! मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या जोडप्याचा 'शहर और सपना' (१९६३) मात्र त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला.

पुढे 'चार शहर एक कहानी' या छोट्या माहितीपटावरून सेन्सॉरशी वाद झाला. त्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले आणि सेन्सॉरच्या अधिकारालाच आव्हान दिले. १९७० मध्ये निकाल विरुद्ध गेला, सेन्सॉर राहिले. पण कलेचा विचार करूनच कात्री चालवावी, हे न्यायालयाने नोंदवले.

नातीला मी दाखवला तो १९६९ चा 'सात हिंदुस्तानी'. गोवामुक्तीची गोष्ट. मारिया ही गोव्याची मुलगी आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले सहा जण पोर्तुगीजांच्या ठाण्यांवर तिरंगा लावायला निघतात. बेळगावकरांना हा विषय परका नाही. १९५५ च्या सत्याग्रहात कितीतरी तुकड्या आपल्या गावातून पुढे गेल्या. अण्णा सांगत, त्या दिवसांत आमच्या आजीने रात्री दोन वाजेपर्यंत भाकऱ्या थापल्या. कोण कुठला, कुठल्या भाषेचा, हे तिने कुणाला विचारले नाही.

अब्बासांनी त्या चित्रपटात एक गंमत केली. बंगाली उत्पल दत्तांना पंजाबी केले आणि मल्याळी मधूला बंगाली. जलाल आगाला मराठी सखाराम शिंदे केले. अलाहाबादचा एक उंच, नवखा मुलगा बिहारचा मुसलमान कवी झाला. तो अमिताभ बच्चन, त्याचा हा पहिलाच चित्रपट. प्रत्येकाने दुसऱ्याच्या प्रांताची बोली, पोशाख, चालरीत शिकायची. चित्रपट फारसा चालला नाही, पण राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार त्याला मिळाला.

नात शेवटपर्यंत बसली. मग म्हणाली, "आबा, म्हणजे शिकलं की दुसऱ्याचं होता येतं?"

मी म्हटले, "होता येतं. पण मेहनत लागते."

दुसऱ्या दिवशी सूनबाईने रकान्यात 'कन्नड' लिहिले. मातृभाषा म्हणजे आईची भाषा, तेव्हा तिचे चुकले असे कसे म्हणू? तरी मला जरा लागले, हे कबूल करतो. घरात चार पिढ्यांची मराठी, आणि कागदावर तिला जागा नाही. सूनबाईच्या ते लक्षात आले असावे. काही न बोलता तिने माझ्यासमोर चहा ठेवला.

लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिला मराठीचे अक्षर येत नव्हते. आज ती या साप्ताहिकातले माझे सदर वाचते आणि शुद्धलेखनाच्या चुकाही काढते. मी मात्र इतकी वर्षे बाजारापुरत्या कन्नडवर भागवले. व्याह्यांचा फोन आला की दोन वाक्यांत फोन तिच्या हातात देतो.

रकाना बदलणे काही माझ्या हाती नाही. परवापासून रोज संध्याकाळी नात मला कन्नड अक्षरे गिरवायला लावते. मास्तरीण कडक आहे. पुढच्या महिन्यात हुबळीला जायचे आहे, तेव्हा व्याह्यांशी पाच मिनिटे तरी कन्नडमध्ये बोलायचे असे ठरवले आहे.